गवती चहा आणि जिरॅनियम: आधी खताचा हिशेब, मग संजीवकं

लातूरच्या औसा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. एकरभर गवती चहा, अर्धा एकर जिरॅनियम (दोन्ही पाल्यातून सुगंधी तेल काढायची पिकं), भारी काळी जमीन, बोअरचं पाणी, ठिबक. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकाची, म्हणजे झाडाची वाढ बदलणाऱ्या द्रव्याची, एक ग्रामची पुडी २० लिटरच्या पंपाला एक याप्रमाणे, सोबत ट्रायकॉन्टॅनॉल हे दुसरं संजीवक आणि समुद्री शेवाळाचा अर्क घेऊन दोन फवारे मारले. पाला डोळ्यांत भरेल असा वाढला, पण भट्टीवर तेल आधीइतकंच निघालं. आता डोस वाढवावा का, आणि खत नेमकं किती द्यावं, असं ते रानाचा फोटो पाठवून विचारतात.

भाऊ, डोस वाढवू नका. उलट जीए थांबवा. तुमच्या पिकाला आत्ता ज्याची कमी आहे ते बाटलीत मिळणारं नाही. कशाची कमी आहे आणि संजीवकं कुठं खरंच कामाला येतात, ते नीट सांगतो.

आपण पाला विकत नाही, तेल विकतो. एकरी तेल म्हणजे पाल्याचं वजन गुणिले उतारा, म्हणजे पाल्यातून निघणाऱ्या तेलाची टक्केवारी. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला उतारा म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. ताज्या पाल्यातून गवती चहाचा उतारा अर्ध्या टक्क्याच्या आसपास फिरतो, म्हणजे टनाला पाच किलोच्या मागंपुढं. जिरॅनियमचा त्याहून फार कमी, टनाला साधारण एक किलो. समजा एका कापणीला एकरी चार टन गवत निघालं आणि उतारा ०.५ टक्के पडला, तर तेल २० किलो. फवारून पाच टन झालं पण उतारा ०.३८ वर आला, तर तेल १९ किलो. वरच्या एक टनाची कापणी, वाहतूक आणि भट्टीचं जळण मात्र खिशातून गेलं. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, पण तुमच्याकडं झालंय ते याच जातीचं.

यामागचं कारण पानात आहे. जिरॅनियम, तुळस, पुदिना यांचं तेल पानावरच्या बारीक लवेतल्या ग्रंथींमध्ये साठतं. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या खास पेशींमध्ये असतं. दोन्हींत तेलाचं घर पान आहे, दांड्यात तेल नगण्य. जीए पेशींना ताणून लांब करतं. पेरं लांबतात, दांडा वाढतो, पान मोठं पण पातळ होतं. वजन वाढतं, त्या वजनात पानाचा वाटा घटतो. शिवाय एक ग्रामची पुडी २० लिटरला म्हणजे जवळपास ५० पीपीएम (दहा लाखात ५० भाग) झालं. हा द्राक्षाच्या घडाला द्यायचा डोस आहे, गवताच्या पानाला द्यायचा नाही. जीए बाजारात दोन टोकांच्या रूपांत मिळतं हेही ध्यानात ठेवा. पातळ बाटली ०.००१ टक्क्याची असते आणि पुडी ४० किंवा ९० टक्क्यांची. दोन्हींवर नाव एकच, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. शेजाऱ्यानं 'मी लिटरला एक मिली घेतो' असं सांगितलं तर तो कोणत्या टक्क्याचं बोलतोय, हे आधी विचारा.

आता जमिनीकडं येऊ, कारण माझ्या मते तुमचं खरं दुखणं तिथं आहे.

आपल्या मराठवाड्याची काळी जमीन बेसॉल्टच्या खडकातून झालेली. चिकणमाती भरपूर, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ, बऱ्याच शिवारांत चुनखडी. पालाश (पोटॅश) तिच्यात मुबलक असतं. नत्र (नायट्रोजन) कमी, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद (फॉस्फरस) असलं तरी चुन्यात अडकलेलं, आणि जस्त व लोहाची चणचण. अशा जमिनीत दुकानातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) फवारून समाधान मानण्यात अर्थ नाही. माती परीक्षण करून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात होतं. अहवालात सामू, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना, जस्त आणि लोह एवढं आधी वाचा.

गवती चहाला वर्षाला हेक्टरी १०० ते १५० किलो नत्र आणि ४० ते ६० किलो स्फुरद एवढ्या टप्प्यात शिफारशी असतात. पालाशही तेवढंच सांगतात. एकरी धरलं तर नत्र ४० ते ६० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे ५० किलो नत्राला वर्षाकाठी अडीच गोण्या होतात. हे एकदम टाकायचं नसतं. गवत वर्षात तीन-चार वेळा कापलं जातं, तेव्हा प्रत्येक कापणीनंतर एकरी २७ ते ३६ किलो युरिया पुरतो. ठिबक असेल तर तोही एका दमात न सोडता कापणीनंतर आठवड्यानं सुरू करून चार-पाच हप्त्यांत द्या. खुंटाला नवा फुटवा येतो तेव्हा मुळं खत उचलतात.

युरिया कसा पडतो यावर निम्मा खेळ आहे. विम्लधर्मी (सामू सातच्या वर असलेल्या) काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकला आणि वर पाणी आलं नाही, तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पावसाळ्यात उलटं घडतं. रानात पाणी साचलं, वाफसा (पाणी ओसरून मातीत हवा खेळेल इतकीच ओल) आठ-आठ दिवस आला नाही, की आहे ते नत्र हवा नसलेल्या मातीत वायू होऊन निघून जातं. म्हणून उन्हाळ्यात पाण्याबरोबर आणि पावसाळ्यात वाफसा बघून. पाणी साचलेल्या वावरात पीक पिवळं दिसलं म्हणून युरियाची मूठ मारणारे दरवर्षी बघतो. त्यानं काहीही साधत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं.

आणि बोअर आटायला लागलं तर नत्रही त्याच प्रमाणात कमी करा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात आपण शेती करतो. गवती चहा अशा दिवसांत तग धरतो, जनावरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो आपल्याकडं रुजला. पण तग धरणं वेगळं आणि खत खाऊन वाढणं वेगळं. पाणी नसताना दिलेलं नत्र जमिनीत पडून राहतं किंवा उडून जातं, पिकाच्या पोटात जात नाही.

नत्र जास्त झालं की काय होतं तेही सांगतो, कारण तुमच्या फोटोतलं गवत गडद हिरवं आणि आडवं पडलेलं दिसतंय. नत्रानं पाला वाढतो आणि एका मर्यादेपर्यंत एकरी तेलही वाढतं. उताऱ्याची टक्केवारी मात्र वाढत नाही, अनेकदा थोडी घसरते. मर्यादा ओलांडली की पान पाणचट होतं, गवत लोळतं, खालची पानं सडतात, तांबेरा आणि करपा येतो. कापणीच्या आधीचे तीन-चार आठवडे नत्र पूर्ण बंद ठेवा.

स्फुरदासाठी मी सिंगल सुपर फॉस्फेटच्या बाजूनं आहे. डीएपीनं (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणाऱ्या दाणेदार खतानं) काम सोपं होतं खरं, पण सुपरमधून १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्क्यांच्या आसपास गंधकही येतं, आणि चुनखडीच्या जमिनीला गंधक हवंच असतं. एकरी २० किलो स्फुरदाला १२५ किलो, म्हणजे ५० किलोच्या अडीच गोण्या. शेणखतात मिसळून, ओळीच्या बाजूला मातीआड करून द्या. वर पसरलेलं स्फुरद मुळापर्यंत जात नाही. सोबत स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्या. परभणीच्या विद्यापीठाचं बायोमिक्स हे उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण हिंगोली-नांदेडचे हळदवाले नेतात, ते जिरॅनियमच्या मुळांनाही चालतं.

पालाश जमिनीत आहे म्हणून विसरू नका. धान्याच्या पिकात दाणे जातात आणि काड रानात राहतं. इथं अख्खा पाला कापून बाहेर जातो आणि प्रत्येक कापणीला त्यातून पालाश निघून जातं. यावर सगळ्यात स्वस्त इलाज तुमच्या भट्टीशेजारीच पडलेला असतो. तेल काढलेलं गवत ओळींमध्ये आच्छादन म्हणून परत टाका. पालाश परत येतं, उन्हाळ्यात जमीन भेगाळत नाही, तण दबतं, सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो. बरेच जण ते सगळं भट्टीतच जाळतात. जळणासाठी थोडं लागणारच, पण मग राख तरी रानात टाका.

जस्त: अहवालात कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून जमिनीतून. सुपर किंवा डीएपीबरोबर एका घमेल्यात कालवू नका, दोन्ही एकमेकांना अडकवतात. लोहाची गोष्ट वेगळी. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढुरका दिसला तर लोह कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत जावा सिट्रोनेला या दुसऱ्या सुगंधी गवताला हे फार लवकर होतं. जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तर चुना ते लगेच निकामी करतो. म्हणून ०.५ टक्के फेरस सल्फेट, म्हणजे १० लिटरला ५० ग्राम, त्यात १० ग्राम सायट्रिक ॲसिड, असा फवारा संध्याकाळी द्या. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हा फवारा स्वस्त आहे आणि जिथं लोहाची कमी आहे तिथं कोणत्याही टॉनिकपेक्षा पान लवकर सावरतं. पिवळेपणा गेला की पान जास्त अन्न तयार करतं, आणि तेल त्या अन्नातूनच बनतं. सुगंधी तेलातले टर्पीन पानात तयार झालेल्या साखरेपासूनच घडतात.

जिरॅनियमला खताचं गणित गवती चहाच्या जवळपास ठेवलं तरी चालतं, पण त्याचा स्वभाव नाजूक. आपल्या भारी जमिनीत जून ते सप्टेंबर हा त्याच्या जिवावरचा काळ. मुळं गुदमरली की बुरशी शिरते आणि हिरवं झाड दोन दिवसांत माना टाकतं. उंच गादीवाफा, पाण्याला वाट, आणि पावसाळ्यात नत्राचा हात आखडता. या काळात युरिया आणि जीए दोन्हींनी झाड कोवळं, लुसलुशीत होतं आणि तेच आधी मरतं.

आता संजीवकांकडं. त्यांना मी वाईट म्हणत नाही. जिथं त्यांचं काम स्पष्ट आहे तिथं मी आवर्जून वापरा म्हणतो, आणि ती पहिली जागा म्हणजे रोपवाटिका. जिरॅनियम बियाण्यापासून करत नाहीत, फाटे लावून करतात. आयबीए हे ऑक्झिन कुळातलं संजीवक मुळं फुटायला मदत करतं. शेंड्याकडचे तीन-चार डोळ्यांचे, बोटभर-वीतभर लांबीचे निरोगी फाटे घ्या. खालची पानं काढा, डोळ्याच्या खाली स्वच्छ काप घ्या. कोवळ्या फाट्यांना ०.१ टक्क्याची पावडर पुरते. जास्त टक्क्याची पावडर लाकडी फांद्यांसाठी असते, तिनं कोवळ्या फाट्याचं टोक काळं पडतं. फक्त तळचा एक-दोन सेंटिमीटर भाग बुडवा आणि झटका. माध्यम निचऱ्याचं ठेवा, बुरशीनाशकाची ड्रेंचिंग करा, म्हणजे द्रावण मुळाशी ओता. रोप सशक्त आलं, एकसारखं आलं, तर पुढं एकरी झाडांची संख्या टिकते, आणि तेलाच्या हिशेबात या संख्येइतकं वजन दुसऱ्या कशालाच नाही. पावसाळ्यात मातृझाडं वाचवायची तर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची स्वस्त प्लास्टिक छताची पद्धत वापरा. पाऊस अडवायचा आणि बाजू हवेसाठी उघड्या ठेवायच्या, एवढंच त्यात आहे. गवती चहाच्या ठोंबांना आयबीएची गरज नाही. पानं आणि जुनी मुळं छाटून वाफशावर लावले की ते आपोआप फुटतात.

ट्रायकॉन्टॅनॉलबद्दल माझं मत जरा अनुकूल आहे. वनस्पतींच्या मेणात सापडणारं हे तीस कर्बांचं अल्कोहोल. १९७७ साली अमेरिकेत लसूणघासातून ते वेगळं काढून त्याचा वाढीवरचा परिणाम दाखवला गेला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात पुदिन्यावर प्रयोग झाले आणि पाला व तेल दोन्ही वाढल्याचं दिसलं. मात्र कुंडीतल्या प्रयोगात पाणी, माती, खत सगळं हातात असतं. रानात तसं नसतं. वापरायचंच असेल तर डोस अगदी कमी लागतो. ०.१ टक्क्याची बाटली लिटरला एक मिली घेतली तर एक पीपीएम होतं, ०.०५ ची घेतली तर अर्धा. याच्या पुढं जाऊन उपयोग नाही. कापणीनंतर २० ते २५ दिवसांनी, खुंटावर पुरेशी पानं आल्यावर पहिला फवारा, पंधरा दिवसांनी दुसरा. खुंट उघडे असताना फवारलं तर औषध मातीत जातं.

सॅलिसिलिक ॲसिड आणि जास्मोनेट ही झाडाची संकटकाळातली संजीवकं. कीड चावली, ऊन-पाण्याचा ताण पडला की झाड ती स्वतः बनवतं आणि बचावासाठी सुगंधी द्रव्यंही वाढवतं. बेसिल तुळशीवर मिथाइल जास्मोनेट देऊन तेल वाढल्याचे प्रयोग आहेत. पण ते महाग आहे, मात्रा थोडी चुकली तर वाढ खुंटते, आणि एकराच्या उघड्या रानात त्याचा खर्च निघेल असं मला वाटत नाही. तोच परिणाम थोड्या प्रमाणात फुकट मिळवता येतो: कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडा. हलका ताण बसला की पानातलं पाणी कमी होतं आणि उतारा सुधारतो. ताण जास्त दिला तर पानंच गळतात, तेव्हा भारी जमिनीत दहा दिवस आणि मुरमाड रानात चार-पाच दिवस, इतकाच.

समुद्री शेवाळाच्या अर्काचं म्हणाल, तर थंडीनं किंवा लावणीच्या धक्क्यानं दबलेल्या रोपाला त्याचा आधार होतो. भरात असलेल्या पिकाला त्यानं फारसा फरक पडलेला मी पाहिलेला नाही. २०२१ पासून अशी जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत आणि जीए, ट्रायकॉन्टॅनॉलसारखी संजीवकं कीटकनाशक कायद्याखाली येतात. म्हणून बाटलीवर घटक, टक्केवारी आणि शिफारस केलेली पिकं छापलेली आहेत का, ते बघूनच घ्या. ज्या बाटलीवर फक्त 'जबरदस्त वाढ' लिहिलंय ती तेलाच्या पिकावर मारू नका. तेल अत्तर आणि साबणाच्या कारखान्यांत जातं, खरेदीदार नमुना तपासून घेतो, आणि एकदा माल परत आला की पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

दोन धोके असे आहेत की त्यांचा खताशी संबंध वाटत नाही, पण आपल्याकडं नुकसान त्यांनीच जास्त होतं. पहिला पंपाचा. उसातल्या तणाला २,४-डी मारलेला पंप नीट न धुता जिरॅनियमवर वापरला की पानं आखडतात, देठ पिळवटतात. २,४-डी हे स्वतःच कृत्रिम ऑक्झिन आहे. गवती चहा ते सहन करतो, जिरॅनियम आणि तुळस नाही. लोक त्याला व्हायरस समजून आणखी फवारे मारत बसतात. तेलाच्या पिकाला पंप वेगळाच ठेवा. दुसरा धोका केसर आंब्याच्या बागेतला. मोहरासाठी झाडाला पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं संजीवक दिलेलं असेल तर ते जमिनीत फार काळ राहतं. त्या आळ्याच्या आसपास आंतरपीक म्हणून जिरॅनियम लावलं तर झाडं बसकी राहतात आणि कोणत्याही खतानं उठत नाहीत.

फवाऱ्याचं पाणीही बघा. आपल्या बोअरचं पाणी जड आणि विम्लधर्मी. त्यात जीए लवकर निकामी होतं आणि लोह साखळतं. सायट्रिक ॲसिडनं सामू सहाच्या आसपास आणूनच द्रावण करा आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

तुमच्या ठिकाणी मी असतो तर पुढच्या कापणीला असं केलं असतं. गवती चहाच्या रानात चार ओळींना फक्त खत, शेजारच्या चार ओळींना तेच खत आणि ट्रायकॉन्टॅनॉलचे दोन फवारे. बाकी पाणी, कोळपणी सगळं सारखं. एकाच दिवशी, दंव उडाल्यावर, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापायचं. सावलीत सारखाच वेळ सुकवायचं, मग वजन करायचं, आणि भट्टीत दोन्ही भार वेगवेगळे लावायचे. सगळ्यांचा पाला एकत्र भरला की कोणत्या ओळीनं किती तेल दिलं ते कधीच कळत नाही. भार लहान असेल तर दोन्हींचे एकेक किलो पानांचे नमुने प्रयोगशाळेत क्लेव्हेंजर उपकरणावर (तेलाचा उतारा मोजायच्या काचेच्या छोट्या भट्टीवर) काढून घ्या. जमलं तर तेलातलं सिट्रलचं, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या मुख्य घटकाचं, प्रमाणही तपासा. गवती चहाच्या तेलात ते ७५ टक्क्यांच्या वर असेल तर भाव बोलता येतो.

तोवर जमिनीतून सुपर आणि जस्त, अहवालात लोह कमी आलं तर फेरसचे दोन फवारे, युरिया हप्त्यांत आणि भट्टीचं गवत ओळींत. जिरॅनियमला पावसाळ्याआधी चर आणि उंच गादी करून घ्या, त्याच्यावर सध्या कोणतंही संजीवक नको. जीएच्या उरलेल्या पुड्या ओळखीच्या द्राक्ष बागायतदाराला देऊन टाका, त्यांच्या घडांना त्या लागतील.